उजनीचे टक्के आणि लिक्विडचे फिल्टर

उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात कोणीही भेटलं की पाण्याचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न येतो, "उजनी किती टक्के?" म्हणजे उजनी धरणात पाणी किती. आमच्या पाणीवापर संस्थेसाठी मी जेकिल या वेबसाइट बनवणाऱ्या प्रोग्रामवर छोटी वेबसाइट केली, तेव्हा मुखपृष्ठावर सगळ्यात वर हाच आकडा ठेवला.

उजनीचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. पूर्ण क्षमता 117.23 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात 63.66 मृतसाठा, म्हणजे उपयुक्त न धरलेलं तळाचं पाणी, उरलेला 53.57 उपयुक्त. टक्केवारी निघते ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून पाणी मृतसाठ्यात गेलं की टक्के उणे होतात, आणि चांगल्या पावसात शंभरच्याही वर जातात.

जेकिलची टेम्प्लेट भाषा म्हणजे लिक्विड. तिच्यात टक्केवारीचा तयार फिल्टर (आकड्यावर एक क्रिया करणारी आज्ञा) नाही, गणितात कंसही चालत नाहीत. फिल्टरांमध्ये पाइप, म्हणजे उभी रेघ, लावत डावीकडून उजवीकडे जायचं: आधी मायनस 63.66, मग टाइम्स 100, मग डिव्हायडेड बाय 53.57, शेवटी राउंड 1. धरणात 70 टीएमसी असेल तर उत्तर 11.8 येतं. भाजक पूर्णांक असेल तर मात्र जपावं. 27 ला 53 ने भागायला सांगितलं की लिक्विड सरळ 0 देतं, भाजक 53.0 लिहिला की अपूर्णांक शाबूत राहतो. राउंड शेवटीच हवा, मध्ये घेतला तर उत्तरात चूक शिरू शकते.

खरा पेच पट्टीचा होता. आकड्याखाली निळी पट्टी, तिची रुंदी तेवढेच टक्के. साठा 54 टीएमसीवर आणून पाहिला, म्हणजे उणे 18 टक्के, आणि पट्टी काठोकाठ भरलेली दिसली! सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, उणे रुंदी अवैध असते. ब्राउझर ती ओळच सोडून देतो आणि डबा आपोआप पूर्ण रुंदी घेतो. धरण आटलेलं असताना पान ते भरलंय असं सांगणार, हे शेतकऱ्याच्या पानावर मला अजिबात चालणारं नव्हतं. उसाची लागण करायची की नाही, हे लोक याच आकड्यावर ठरवतात.

मग दोन वेगळी मूल्यं ठेवली. पट्टीसाठी ॲट लीस्ट 0 आणि ॲट मोस्ट 100 हे फिल्टर. वाचायचा आकडा मात्र जसाच्या तसा, 111 असला तरी. उणे असेल तर ॲब्स फिल्टरने चिन्ह काढून पुढे "उणे" हा शब्द लिहिला, कारण मोबाइलवर ती बारीक आडवी रेघ उन्हात दिसत नाही. अशा वेळी पट्टीऐवजी लाल अक्षरांत "मृतसाठा सुरू" येतं.

टक्क्यांशेजारी टीएमसीही छापतो. उजनीचा एक टक्का म्हणजे साधारण 0.54 टीएमसी, तेही पट्टीखाली लिहिलंय.