तुम्ही विचारलंत म्हणून: ‘काय राहिलंय?’

“मॅडम, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कुठे शिकलात?” बांधकामाच्या साइटवर नव्याने रुजू होणारी मुलं हे हमखास विचारतात. त्यापाठोपाठ प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्राबद्दल येतं, “पीएमपी करू का?”

जरूर करा. मीही केलं. परीक्षेच्या अर्जासाठी 35 तासांचं प्रशिक्षण लागतं, ते वाया जात नाही. कुठल्या कामाचा एक दिवस गेला की अख्ख्या प्रकल्पाचा दिवस जातो, हे कागदावर मांडायला मी तिथे शिकले. माणसं सांभाळायला मात्र मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं.

साहेब ऐन उमेदीत कोकण रेल्वेवर होते. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि 26 जानेवारी 1998 ला 741 किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. साहेबांच्या बोलण्यात यायचे ते गोव्यातल्या पेडण्यासारखे मऊ मातीतले बोगदे, जिथे खणलेलं पुन्हा भरून यायचं. म्हणायचे, “रात्री दोनला माती सरकली तर वर कधी विचारणार? जो समोर उभा आहे त्यानेच ठरवायचं. आणि त्याने ठरवलं की वरच्याने त्याच्या पाठीशी राहायचं.”

याचा अर्थ मला पुण्यात वाकडच्या एका साइटवर कळला. सहाव्या मजल्याचा स्लॅब होता. आदल्या संध्याकाळी मी मुकादमाला विचारलं, “तयारी झाली का?” तो म्हणाला, “झाली मॅडम, सगळं रेडी.” सकाळी काँक्रीटची तिसरी गाडी रिकामी होत असताना, ओतलेलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला. जोडीला ठेवलेला दुसरा सुरूच होईना. गेटवर आणखी दोन गाड्या उभ्या. आरएमसी, म्हणजे प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट, गाडीत भरल्यापासून साधारण 2 तासांत उतरवावं लागतं, आणि इकडे ओतलेलं काँक्रीट आवळत चाललेलं. कोल्ड जॉइंटच्या, म्हणजे आवळलेलं आणि नवं काँक्रीट एकजीव न होता कच्चा सांधा राहण्याच्या, भीतीने माझ्या पोटात गोळा आला. मी सगळ्यांदेखत मुकादमावर ओरडले.

साहेब वर आले. शेजारच्या विंगमधला व्हायब्रेटर मागवला, स्वतः कडेला उभे राहिले, स्लॅब पुरा केला. आवाज एकदाही चढला नाही. दुपारी चहाला त्यांनी विचारलं, “काल तू त्याला नेमकं काय विचारलंस?”

मी सांगितलं.

“दुसरा व्हायब्रेटर आठवडाभर बंद आहे, हे त्याला ठाऊक होतं. ‘झालं का’ म्हटलं की माणूस ‘झालं’ म्हणतो. उद्यापासून ‘काय राहिलंय’ असं विचार. आणि ओरडलीस सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर माग.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू होण्याआधी सगळे जमतात तेव्हा, मी माफी मागितली. जीभ जड झाली होती. मुकादम काहीच बोलला नाही. पण पुढच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी तो आपणहून ऑफिसात आला: “मॅडम, सळयांखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक कमी पडतील. आणि दोन फिटर गावाला गेलेत.”

साहेबांची आणखी एक गोष्ट मी उचलली, ती म्हणजे हिंडरन्स रजिस्टर. काय अडलं, कुणामुळे, कधी सुटलं, हे त्यात लिहायचं. बहुतेक ठिकाणी हे रजिस्टर पुढे वाढीव मुदतीच्या किंवा पैशांच्या क्लेमला उपयोगी पडावं म्हणून क्लायंटच्या नावाने भरतात. साहेबांच्या वहीत त्यांचंच नाव वारंवार यायचं. त्यांच्या तिरक्या अक्षरातली एक नोंद माझ्या डोळ्यांसमोर आहे: ‘जिन्याचं ड्रॉइंग. माझ्या टेबलावर 3 दिवस.’ खाली सही. ती वही टेबलावर उघडी असायची, कुणीही वाचावी. मग फोरमनही स्वतःचं नाव लिहायला कचरत नसे. पुढे आमच्या साइटवर अडचण लपून राहिली नाही, याचं श्रेय मी त्या वहीला देते.

आता तशी वही माझ्या टेबलावर असते. गेल्या आठवड्यात, रुजू होऊन दोनच महिने झालेल्या एका मुलाने त्यात लिहिलं: ‘लिफ्टवाल्यांचं पत्र. मॅडमकडे 4 दिवस.’ लिहून तो तिथेच उभा राहिला.

मी पत्र शोधलं, पाठवलं, आणि नोंदीसमोर तारीख टाकून सही केली.