व्हायोलिन, महिना नववा : एकच स्वर, दोन जागा

फिंगरबोर्डवरच्या, बोटांच्या जागा दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या अखेर काढल्या. पहिले चार दिवस घरात मांजर रडत असल्यासारखं वाजत होतं, मग जरा निवळलं.

पण या महिन्याची खरी गंमत पहिल्या बोटाची, म्हणजे तर्जनीची. डी तारेवर ते ठेवलं की ई हा स्वर. सूर तपासणाऱ्या ट्यूनरचा काटा मधोमध, दिवा हिरवा. शेजारची मोकळी (बोट न ठेवलेली) ए सोबत वाजवली तर गोड, आणि मोकळी जी घेतली की खरखर. आधी दोष तारांना दिला, नव्या घालायच्या बेतात होते! मग ट्यूनर बंद केला. ए सोबत वाजवताना दोन स्वर न जुळल्याने ऐकू येणारी लहर थांबेपर्यंत बोट सरकवलं, पेन्सिलीने खूण केली. जी सोबतही तेच. दुसरी खूण नटच्या (खुंट्यांजवळची पट्टी, जिथून तार सुरू होते) बाजूला मागे पडली आणि मोजलं तर दोन्हींत जवळजवळ साडेतीन मिलिमीटर!

हिशेब मांडला तर जुळतो. तार 325 मिलिमीटर धरा. ए शी जुळणाऱ्या ई ची कंपनसंख्या मोकळ्या डीच्या 9/8 पट, म्हणजे नटपासून 36 मिलिमीटर. जी शी जुळणारा 10/9 पट, म्हणजे साडेबत्तीस. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो, त्याचा ई पहिल्या जागेला जवळजवळ चिकटून असतो. त्यामुळे जी सोबत बेसूर वाजताना दिवा हिरवाच राहायचा.

तेव्हापासून रोज दहा मिनिटं तानपुरा जी वर, मग दहा मिनिटं ए वर, आणि दोन्हींवर एकच चार स्वरांची ओळ. बो (गज) हलका ठेवते. दाबला की स्वर हलतो, मग बोटाची चूक की बोची ते कळतच नाही.

तिसऱ्या बोटाला (अनामिकेला) मात्र पहारेकरी फुकट मिळालाय. डी तारेवरचा जी नेमका लागला की न छेडलेली मोकळी जी तार डोळ्यांना दिसेल इतकी थरथरते. केसभर चुकलं की गप्प.

रेकॉर्डिंग ऐकताना एक खोड सापडली : बोट खाली पडतं आणि मग गुपचूप वर सरकतं. वाजवताना मला ते सुरेलच वाटत होतं. आता चुकलं तर सरकवायचं नाही. बोट उचलायचं, स्वर मनात गुणगुणायचा, पुन्हा ठेवायचं. फार कंटाळवाणं आहे.

करंगळी अजून स्वराच्या खालीच पडते. कोपर व्हायोलिनखाली आणखी आत घेतलं तर पोहोचते, पण तोवर खांदा वर चढलेला असतो.