तारीख रविवार बघून नाही, पाळी बघून घ्या

बायकांच्या तपासणीचा दिवस बहुधा घरच्यांच्या सोयीने ठरतो. पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची कॅन्सरसाठी तपासणी) करायची असेल तर तो पाळीवरून ठरवा. पाळी आली तो दिवस पहिला धरून दहाव्या ते विसाव्या दिवसात जा. रक्तस्राव चालू असला की पेशी रक्ताने झाकल्या जातात, आणि पुन्हा हेलपाटा पडतो. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम आणि आतून धुणं बंद. मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) पाळीनंतरचा आठवडा बरा, स्तन कमी दुखतात. दोन्ही एकाच खेपेत उरकायचं तर दहावा-अकरावा दिवस साधा.

खरा घोळ लघवीचा होतो. तपासणीला लघवीचा नमुना हवा, पोटावरून सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं हवं आणि आतल्या तपासणीला रिकामं. म्हणून क्रम असा लावा: गेल्या गेल्या नमुना द्या (पहिली धार सोडून मधली), मग उपाशीपोटी रक्त. त्यानंतर चार-पाच ग्लास पाणी पिऊन तासभर थांबा, सोनोग्राफी करा, मग लघवीला जाऊन पॅप स्मिअर. आधीच पाणी ढोसलं तर नमुना पातळ होतो. सोनोग्राफी योनीतून करणार असतील तर पॅप आधी उरकायला सांगा. जेल नमुन्यात मिसळतं.

उपाशी म्हणजे आठ ते बारा तास. साधं पाणी चालतं, ‘फक्त अर्धा कप’ चहा चालत नाही. नुसता रक्तातल्या साखरेचा आकडाच नव्हे, पोटाची सोनोग्राफीही बिघडते, कारण दूध पोटात गेलं की पित्ताशय आकसतं. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेऊ नका, साखर एकदम उतरते. इन्सुलिनचं आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर निदान दोन दिवस आधी थांबवा, थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही नको. त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. वन-पीस टाळा, कमरेवरचे कपडे वेगळे काढता येतील असे घाला. मंगळसूत्र घरीच ठेवलेलं बरं.

शेवटची पाळी कधी, असं विचारतील तेव्हा ती सुरू झाल्याची तारीख सांगायची, संपल्याची नाही. पुष्कळजणी इथेच चुकतात. आणि जुन्या मॅमोग्राफीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही न्या. जुनी गाठ वाढली की तशीच आहे, हे डॉक्टरांना त्यावरूनच ताडून पाहता येतं.