डझनाच्या भावाची साइट

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सर्व्हरला हात लावायचा नाही, असा आमच्या ऑफिसचा अलिखित नियम. निम्मं सोलापूर मिरवणुकीत असतं, मालक लोक फोन उचलत नाहीत. पण नेमकं तेव्हाच ऑर्डर-फॉर्मच्या एका प्लगिनमध्ये, म्हणजे साइटला जोडायच्या तयार प्रोग्राममध्ये, भोक सापडलं. लॉगिन न करता कुणीही सर्व्हरवर फाइल चढवू शकत होतं, आणि ते प्लगिन आमच्या चाळीसेक गिऱ्हाइकांच्या साइटवर बसवलेलं.

यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, ६८ लिंगांना जातात तसा आमचा ज्युनिअर एकेका साइटच्या डॅशबोर्डला जायला निघाला होता. त्याला म्हटलं, वर्डप्रेसच्या साइट कमांडनं चालवायला डब्ल्यूपी-सीएलआय आहे, साइटची यादी फाइलमध्ये आहे, आधी नुसता ड्राय-रन लाव, खरं काही न बदलणारा. त्यानं यादीतल्या प्रत्येक साइटवर तीच कमांड चालवणारा लूप लिहिला आणि मिनिटाभरात म्हणाला, "झालं दादा." एररचं नाव नाही. पण झाली होती फक्त पहिली साइट. लूप यादीतली एक ओळ वाचतो आणि त्या साइटच्या सर्व्हरवर कमांड चालवायला एसएसएच सुरू करतो, तर एसएसएचही त्याच इनपुटला तोंड लावून उरलेली सगळी यादी गिळून टाकतो. लूपला वाटतं, संपली यादी. एसएसएचला डॅश-एन, म्हणजे 'इनपुट वाचू नको', दिलं की मिटलं. हल्ली मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला क्लाउड येतो, पण स्टँडर्ड इनपुट म्हणजे काय ते कुणी सांगत नाही.

अपडेटच्या आधी मी सगळीकडे डेटाबेसचा बॅकअप घेतो आणि प्लगिनचे चेकसम तपासतो. म्हणजे सर्व्हरवरची फाइल वर्डप्रेसच्या भांडारातल्या मूळ फाइलशी जुळते का, ते बघायचं. विकतच्या प्लगिनना हे चालत नाही, पण हे फुकटातलं होतं. सगळ्या साइट जुळल्या, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याची सोडून. पोटात गोळा आला, वाटलं कुणीतरी आधीच घुसलंय. त्याच व्हर्जनची मूळ प्रत उतरवून डिफ लावला, म्हणजे दोन्ही प्रती ओळीओळीनं ताडून बघितल्या. घुसखोर वगैरे कुणी नव्हता. आमच्या आधी ती साइट सांभाळणाऱ्या डेव्हलपरनं प्लगिनच्या फाइलमध्येच दहा-बारा ओळी घुसडल्या होत्या: भाव डझनाचा, ऑर्डर डझनाच्या पटीत. मूळ फाइलला हात न लावता आपला कोड जोडायची हुक नावाची सोय अशाच कामासाठी असते, पण ती वापरायला कागदपत्रं वाचावी लागतात.

अपडेट करताना प्लगिनचा जुना फोल्डर उडतो आणि नवा येतो. त्या ओळी गेल्या असत्या आणि डझनाच्या भावात एकेक टॉवेल विकायला लागला असता. अपडेट न करावं, तर भोक उघडं. यादीतून ती साइट वगळून बाकीच्यांवर कमांड सोडली. ते काम चहा येईपर्यंत उरकलं. या एका साइटचं प्लगिन मात्र मी बंद करून ठेवलं. मालकांना आधी फोन केला होता, उचलला नाही. मागून त्यांचाच आला.

"ओ सर, ऐन गड्ड्यात दुकान बंद करताव व्हय?"

मागं ढोल-ताशा. चेकसम काय सांगणार त्यात? म्हटलं, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. त्या ओळी हुकवर आणून वेगळ्या छोट्या प्लगिनमध्ये टाकल्या. मग अपडेट केलं, एक डझन आणि दीड डझन अशा ऑर्डर टाकून बघितल्या. दीड डझन नाकारली गेली, तेव्हा फॉर्म चालू केला.

या कामाचं बिल लावायचं म्हटल्यावर मालक म्हणाले, "बिल कशाचं? तुम्ही हात लावला नसता तर चालूच होतं की." आधीच्या डेव्हलपरनं त्या ओळींचे पैसे घेतले होते, आणि त्यांच्या हिशोबी ते काम होतं, कारण स्क्रीनवर डझन दिसायला लागलं. माझ्या कामानंतर स्क्रीनवर काहीच बदललं नाही.

नंतर ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण येऊन गेलं त्याची नोंद, काढला. प्लगिन बंद असताना फाइल चढवायच्या त्याच पत्त्यावर अनोळखी आयपीवरून पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे काहीतरी पाठवायचे प्रयत्न, येऊन गेल्या होत्या. लॉगमधल्या त्या ओळींचा स्क्रीनशॉट मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवलाय. बघितलाय त्यांनी. बिलाचं काय ते अजून बोलले नाहीत, आणि बाकीच्या साइटचे मालक तर आपल्याकडे काही झालं होतं हेच जाणत नाहीत.