कार्पेट धुवायचं असेल तर

आज घरी कार्पेट धुणारे येऊन गेले. इथे न्यू जर्सीत होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात कार्पेट धुण्याचं मशीन भाड्याने मिळतं, एखाद-दुसऱ्या डागासाठी मी तेच आणेन. पण अख्ख्या घराला माणसंच बोलवा, असं माझं ठाम मत झालंय. खरा फरक पाणी खेचण्यात आहे. यांचा पंप व्हॅनमध्येच असतो, जाडजूड पाइप दारातून आत येतो; गरम पाणी मारलं की लगेच ओढून घेतात. सोफ्याखालून निघालेलं पाणी तर कोऱ्या चहासारखं! भाड्याच्या मशीनची ओढ कमी, पाणी कार्पेटखालच्या मऊ पॅडमध्ये मुरतं आणि 24 ते 48 तासांत वाळलं नाही तर बुरशी धरू शकते. घरात रांगतं बाळ असेल तर हे फारच महत्त्वाचं. फक्त सामान आधीच हलवून ठेवा, काही जण त्याचे वेगळे पैसे लावतात.