फौजीची मुलगी आणि जॅनेट रँकिन

‘फौजीची मुलगी तू, तुला ती रँकिन कशी काय पटते?’ जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला केल्यानंतरही युद्धाला ‘नाही’ म्हणणाऱ्या या अमेरिकी खासदार बाईंचा विषय मी काढला, की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सांगूनच टाकते.

देशाशी वैर असल्याने बाईंनी तसं मत दिलं, हे मला मान्यच नाही. १९१६ साली त्या मोंटाना राज्यातून निवडून आल्या, अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या महिला. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरायला त्यांनी विरोध केला, तेव्हा आणखी ४९ जण त्यांच्या बाजूने होते. त्या मताचा जाब मला कुणी विचारत नाही.

पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, जपानशी युद्धावर मतदान झालं तेव्हा विरोधात त्या एकट्या होत्या. वय ६१. बोलायला उभ्या राहिल्या, तर सभागृहाचे अध्यक्ष सॅम रेबर्न यांनी बोलू दिलं नाही. निदान तटस्थ तरी राहा, अशी सहकाऱ्यांनी गळ घातली. बाईंचं म्हणणं सरळ होतं: बाई असल्यामुळे मी युद्धावर जाऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. ३८८ विरुद्ध १. सभागृहात हुर्यो उडाली. बाहेर लोक इतके अंगावर आले, की बाई टेलिफोन बूथमध्ये शिरल्या आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबल्या.

कॉलेजात असताना मी म्हणायचे, १९१७ चं ठीक, पण १९४१ चा निव्वळ हट्ट. ती मुलगी अजून माझ्याशी भांडते. जपानला अडवायचं कसं, असं ती विचारते, आणि माझ्याकडे उत्तर नाही. तीनच दिवसांनी जर्मनी आणि इटलीशी युद्धाच्या मतदानात बाईंनी नुसतं ‘हजर’ म्हटलं, बाजूने नाही की विरोधात नाही, तेही मला टोचतं.

पण वडील सरहद्दीवर असताना तारवाला गल्लीत शिरला, की आई पिठाचे हात घेऊन दारात यायची. तो पुढच्या घराकडे वळेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. माणसं पाठवायचं मत देणाऱ्यांनी तो दरवाजा बघितलेला असावा, एवढंच माझं मागणं आहे. रँकिनबाईंना तो दिसत होता, असं मला वाटतं.

वडिलांना हे पटत नाही. ‘हल्ला झाल्यावर मत कसलं मोजता?’ म्हणतात. मी म्हणते, मोजायलाच हवं. कालही जेवताना यावरूनच वाजलं.