नो साऊंड, सर

तेव्हा मी एका लहान बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर होतो. पोलंडमधल्या ग्दिनियाहून माल भरून आम्ही ओरेसुंडमार्गे उत्तरेला निघालो होतो. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधली ही सामुद्रधुनी. इंग्रजी चार्टवर तिचं नाव नुसतं 'द साऊंड' असं असतं आणि रेडिओवर तिथल्या वाहतूक नियंत्रणाला आम्ही 'साऊंड व्हीटीएस' म्हणून हाक मारतो. कोपनहेगनजवळ ड्रॉग्डेनच्या चॅनलमध्ये पाणी जेमतेम 8 मीटर. आमचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात बुडतं ती खोली, साडेसहा. तळाखाली उरतं दीड मीटर, आणि वेग वाढवला तर उथळ पाण्यात जहाज आणखी खाली बसतं.

नोव्हेंबरातली पहाट, पाच वाजलेले, धुकं इतकं की आमचंच नाळेकडचं, म्हणजे पुढचं टोक दिसत नव्हतं. चार ते आठचा वॉच माझा. ब्रिजवर कॅप्टन, मी आणि सुकाणूवर एक खलाशी. पुढे नजर ठेवायला बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि कॅडेट. कॅडेट वेंगुर्ल्याकडचा, मच्छीमाराच्या घरातला, जहाजावर येऊन चारच महिने झालेले. धुक्यात चालत्या जहाजाने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यायचा असतो, चार ते सहा सेकंदांचा. त्या भोंग्यात वॉकीटॉकीवरचं निम्मं बोलणं बुडत होतं.

ड्रॉग्डेन मागे पडलं आणि थोड्या वेळाने पुढून एक धक्का जाणवला. मोठा नव्हता, पण पायाच्या तळव्यांना कळला. बोसन म्हणाला, ओंडक्यासारखं काहीतरी घासून गेलं. कॅप्टनने वेग कमी केला आणि वॉकीटॉकी उचलून थेट कॅडेटला विचारलं, "इज द फोरपीक साऊंड?" म्हणजे नाळेतली टाकी शाबूत आहे ना, पत्रा फाटलेला नाही ना.

पोराने ऐकला तो एकच शब्द, साऊंड. त्याला मीच शिकवलं होतं की टाकीत पाणी शिरतंय का हे पाहायचं असेल तर साऊंडिंग पाईपचं, म्हणजे टाकीतली पाण्याची खोली मोजायच्या नळीचं, झाकण एकदम काढायचं नाही. स्पॅनरने हळूच सैल करायचं आणि कान द्यायचा. टाकीत पाणी चढत असेल तर आतली हवा फुसफुसत बाहेर पडते. झाकण सैल करून तो गुडघ्यांवर बसला. गार लोखंडाला कान लावला. मग टेपला खडू फासून पितळी लोलक आत सोडला. तळाशी तो टण् करून वाजला, टेप वर आली तेव्हा खडू जसाच्या तसा होता. आणि त्याने मन लावून, खरं तेच कळवलं:

"नो साऊंड, सर."

कॅप्टनचा चेहरा उतरला. त्याने ऐकलं ते 'नॉट साऊंड'. पत्रा गेला. एका हाताने त्याने इंजिन रूमचा फोन ओढला आणि दुसरा हात व्हीएचएफ रेडिओकडे गेला, साऊंड व्हीटीएसला कळवायला. तेवढ्यात आमचा भोंगा सुरू झाला. ते पाच-सहा सेकंद मला आजही आठवतात. भोंगा थांबल्याबरोबर मी म्हणालो, "एक मिनिट, सर," आणि वॉकीटॉकीवर मराठीत विचारलं, "अरे, कसला आवाज नाही?"

"पायपातून वारो येणा नाय, सर. टेप सुकीच इली."

फोन जागेवर गेला. सगळ्या टाक्या पुन्हा मोजून घेतल्या, एकूण एक कोरड्या. धक्क्याची नोंद लॉगबुकात केली. धक्का कशाचा ते मात्र कधीच कळलं नाही.

वॉच संपल्यावर त्याला मेसमध्ये घेऊन बसलो. तो खाली मान घालून म्हणाला, "माझं इंग्रजी कच्चं आहे, सर." मला ते मुळीच पटलं नाही. त्याचं उत्तर चोख होतं. गोंधळ घातला होता त्या शब्दाने. शब्दाने म्हणजे चार शब्दांनी, कारण शब्दकोशात साऊंडच्या नोंदीच वेगवेगळ्या आहेत.

आवाज या अर्थाचा साऊंड लॅटिन 'सोनस'वरून फ्रेंचमार्गे आला. इंग्रजीत तो आधी नुसता 'सून' होता, शेवटचा ड मागाहून चिकटला. संस्कृत 'स्वन' त्याचा चुलतभाऊ, ज्यावरून आपण स्वनविज्ञान म्हणतो. शाबूत, धडधाकट हा साऊंड जर्मन कुळातला. जर्मन माणूस निरोगीला आजही 'गेझुंट' म्हणतो आणि कुणी शिंकलं की 'गेझुंडहाइट'. सामुद्रधुनीचा साऊंड जुन्या नॉर्स 'सुंद'वरून, ज्याचा अर्थ पोहणं असाही होता. ओरेसुंड हेलसिंगोरपाशी सगळ्यांत अरुंद आहे, सुमारे 4 किलोमीटर. तिथेच डेन्मार्कच्या राजांनी 1429 ते 1857 येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून कर वसूल केला. आणि खोली मोजण्याचा साऊंड फ्रेंच 'सोंदे'वरून. तळाशी पाणी साचतं त्या बिल्जपासून तोल राखायच्या पाण्याच्या बॅलास्ट टाक्यांपर्यंत आम्ही रोज घेतो ते साऊंडिंग हे. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही, याचं त्याला सगळ्यांत नवल वाटलं.

मग तोच बोलायला लागला. आजोबा शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायचे, दोन्ही हात पसरून दोरी ओढायची, एक पसर म्हणजे एक वाव. मी म्हटलं, फॅदमही तोच, पसरलेल्या हातांचा. सहा फूट. त्याने हात पसरून पाहिले.

मला राग येतो तो आमच्या शिकवण्याच्या पद्धतीचा. परीक्षेसाठी प्रत्येक शब्दाचा एक अर्थ पाठ करून घेतात आणि पोराला समुद्रावर पाठवतात. समुद्रावरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यं आहेत, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली स्वीकारलेली, एकाच अर्थाची. आम्हा सगळ्यांना ती येतात. पण धक्का बसल्यावर कॅप्टनच्या तोंडून ऐन वेळी आलं ते त्याचं रोजचं इंग्रजी.

दुपारी धुकं विरलं. चार वाजता त्याने पुन्हा फोरपीकची खबर दिली: "फोरपीक ड्राय. टेप ड्राय. नो एअर कमिंग आऊट." कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि वॉकीटॉकीवर म्हणाला, "व्हेरी गुड, कॅडेट."